तोतोनं युव्हेंटसला नाही म्हटलं तेव्हा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. समोर बसलेले निम्मे स्वतः खेळलेले, आणि उरलेले निम्मे गॅलरीतून कोचला अक्कल शिकवलेले! (हशा) त्यामुळे मी डावपेचांत फार खोल शिरत नाही. एका माणसाबद्दल बोलतो. इटलीचा स्ट्रायकर अंतोनियो दि नाताले, लाडाचं नाव तोतो.

2010 चा उन्हाळा. दि नाताले बत्तीस वर्षांचा. सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, 29 गोल करून नुकताच सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला. आणि त्याचा क्लब उदिनेसे त्या मोसमात कितवा आला? पंधरावा. खालच्या विभागात घसरता घसरता वाचला. अशा वेळी युव्हेंटसकडून बोलावणं आलं. इटलीत सर्वांत जास्त लीग विजेतेपदं नावावर असलेला क्लब. दोन्ही क्लबांचं जवळपास जमलंही होतं. अडलं फक्त खेळाडूपाशी. त्यानं नाही म्हटलं. गंमत म्हणजे दोन्ही संघांचा शर्ट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचाच, त्यामुळे नवे रंग अंगावर चढवण्याचाही प्रश्न नव्हता. युव्हेंटसनं मग नापोली क्लबकडून स्ट्रायकर क्वाल्यारेल्लाला घेतलं, म्हणजे उदिनेमध्येच दि नातालेच्या बरोबर खेळलेल्या माणसाला.

आता ही गोष्ट सांगताना लोक लगेच निष्ठा, त्याग असं बोलायला लागतात. मला ते फारसं पटत नाही. घरच्यांचा जम उदिनेत बसला होता, हे कारण त्यानं उघडपणे सांगितलंच होतं. पण माझ्या मते त्यात खेळाचीही जाण होती. आपला खेळ कुठे फुलतो, हे त्या माणसाला नीट कळलं होतं.

कळायला वेळही भरपूर मिळाला होता म्हणा. जन्म दक्षिण इटलीतल्या नेपल्सचा, 1977 चा. पोरवयातच घर सोडून तोस्कानातल्या एम्पोली क्लबच्या अकादमीत. मग खालच्या विभागांतल्या छोट्या संघांकडे लोनवर, म्हणजे काही काळ उसना: इपेर्झोला, वारेझे, व्हियारेज्जो. सेरी ए मध्ये पहिला सामना मिळाला तेव्हा वय चोवीस. त्या वयात आपल्याकडे पोरगा ‘आता नोकरीचं बघ बाबा’ हे ऐकत असतो. 2004 मध्ये एम्पोली खाली घसरला आणि तोतो उदिनेसेत आला. उदिने म्हणजे इटलीच्या ईशान्य टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या सरहद्दीजवळ, लाखभर वस्तीचं शहर. भाषाही वेगळी, फ्रिउलियन. उत्तरेकडच्या स्टेडियमांत नेपल्सच्या माणसाला शिव्याशाप ऐकावे लागतात, हे इटालियन फुटबॉलचं जुनं दुखणं. आणि तिथल्याच एका गावानं या नेपल्सवाल्याला आपला कॅप्टन केला.

क्लबचा कारभार कसा चालतो तेही बघा, कारण सगळी मेख तिथं आहे. पोत्सो कुटुंबानं 1986 मध्ये क्लब घेतला. पद्धत सरळ: जगभर माणसं पाठवायची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली पोरं स्वस्तात उचलायची, घडवायची आणि मोठ्या क्लबांना चढ्या भावानं विकायची. चिलीच्या कोब्रेलोआ क्लबमधून अलेक्सिस सांचेझ आला, 2011 मध्ये बार्सिलोनाला गेला. गोलरक्षक हांदानोविच मिलानच्या इंटर क्लबला गेला. इस्ला आणि असामोआ दोघंही युव्हेंटसला. म्हणजे दर उन्हाळ्यात अर्धी ड्रेसिंग रूम रिकामी! जिथं कुणी टिकतच नाही, तिथं टिकलेल्या एका माणसाची किंमत काय होते, विचार करा. नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला क्लब म्हणजे काय ते तोतोकडे बघून कळायचं. आणि संघाची बांधणीही त्याच्याभोवतीच व्हायची. मोठ्या क्लबात बत्तिशीतल्या नवख्यासाठी कुणी संघ बांधत नाही, त्यालाच संघात कुठंतरी बसवतात.

खेळ कसा बदलला ते आता सांगतो. सुरुवातीला तो बाजूनं खेळायचा, डावीकडून. 2009 मध्ये क्वाल्यारेल्ला गेला आणि तोतो मध्यभागी, थेट गोलच्या तोंडाशी आला. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. हेडरसाठी सेंटर हाफशी, म्हणजे मधल्या बचावपटूशी, धक्काबुक्की करण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून तो शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून, ऑफसाइडच्या रेषेवर नुसता उभा राहायचा. पास देणाऱ्याचा पाय हलला की निघायचा. बॉल थांबवायच्या भानगडीत बऱ्याचदा पडायचाच नाही, आला तसा मारायचा. ग्विदोलिन कोच झाल्यावर त्यानं तोतोच्या मागं सांचेझला सोडलं. फेब्रुवारी 2011 मध्ये पालेर्मोच्या मैदानावर जाऊन उदिनेसेनं 7-0 नं हाणलं त्यांना. सांचेझचे चार, तोतोचे तीन. त्या मोसमात तोतोचे 28 गोल, पुन्हा पहिला नंबर. उदिनेसे चौथा आणि युव्हेंटस सातवा! पुढच्या दोन मोसमांत त्यानं प्रत्येकी 23 गोल केले. तिशी उलटल्यावर सलग चार वर्षं वीसच्या वर. त्या वयात बरेच स्ट्रायकर गुडघ्याला पट्टी बांधून जुन्या आठवणी सांगत असतात.

त्याचं कसब एका मिनिटात बघायचं असेल, तर 2012 च्या युरोमधला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतला, इटली-स्पेन सामना बघा. ग्दान्स्क, 10 जून. इटलीचा स्ट्रायकर बालोतेली एकटा गोलकडे सुटला, समोर स्पेनचा गोलरक्षक कासियास, आणि पठ्ठ्या रेंगाळला. इतका रेंगाळला की मागून स्पेनचा बचावपटू रामोस आला आणि बॉल काढून घेऊन गेला. कोचनं तीनच मिनिटांत बालोतेलीला बाहेर बोलावलं आणि चौतीस वर्षांच्या तोतोला आत सोडलं. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर इटलीच्या पिर्लोनं बचावफळीच्या मधून पास सारला. तोतो आधीच निघालेला होता. उजव्या पायानं बॉल हलकेच वळवून कासियासच्या बाजूनं आत. सोपा वाटतो तो गोल. बालोतेलीच्या अंगात ताकद दुप्पट असेल, पण निघायचं कधी आणि मारायचं कधी हे तोतोनं उदिनेसेच्या शर्टात शेकडो वेळा घोटून घेतलं होतं. स्पेनच्या फाब्रेगासनं लगेच बरोबरी केली, सामना 1-1 सुटला, ते सोडा.

या सगळ्याची किंमत मोजावी लागली नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2011 मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत शिरण्यासाठीच्या प्ले-ऑफमध्ये इंग्लंडच्या आर्सेनलविरुद्ध घरच्या मैदानावर त्यानं गोल केला, मग पेनल्टी मिळाली, आणि त्यांच्या गोलरक्षकानं, श्चेन्स्नीनं, ती अडवली. उदिनेसे बाहेर. दुसरीकडे 2012 पासून युव्हेंटसनं सलग नऊ वेळा लीग जिंकली. गेला असता तर निदान एक पदक गळ्यात पडलं असतं. उदिनेसेबरोबर एकही मोठी ट्रॉफी मिळाली नाही. पण सेरी ए मधले 209 गोल त्याच्या नावावर आहेत, साक्षात रोबेर्तो बाज्जोपेक्षा चार जास्त. आणि त्यातले 191 एकट्या उदिनेसेसाठी. युव्हेंटसच्या बाकावर बसून एवढे झाले असते? मला नाही वाटत. कुणाला वाटत असेल तर प्रश्नोत्तरांत भांडू.

शेवटचा सामना मे 2016 मध्ये, घरच्या मैदानावर, कार्पी क्लबविरुद्ध. तोतोनं पेनल्टीवर गोल केला आणि उदिनेसे 2-1 नं हरला. जिंकूनही कार्पी खालच्या विभागात गेला. चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर झालेत, तिथून सुरू करू.