विकमच्या तक्त्यातील वय

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसल शहराजवळ, विकम नावाचा परिसर आहे. १९७२ ते १९७४ या काळात तेथील मतदारयादीतून साधारणपणे दर सहा जणांमागे एकाची निवड करून रहिवाशांच्या आरोग्याची पाहणी करण्यात आली. थायरॉइडचे विकार आणि हृदयविकार हे तिचे मुख्य विषय होते, पण कोण सिगारेट ओढते याचीही नोंद झाली. वीस वर्षांनी संशोधकांनी त्याच लोकांचा पुन्हा माग काढला आणि त्यांपैकी कोण हयात आहे हे पाहिले.

त्यातील स्त्रियांचे आकडे १९९६ साली प्रसिद्ध झाले. पाहणीच्या वेळी धूम्रपान करणाऱ्या ५८२ स्त्रिया होत्या. वीस वर्षांत त्यांपैकी १३९ मरण पावल्या, म्हणजे शेकडा २४. कधीच धूम्रपान न केलेल्या ७३२ स्त्रियांपैकी २३० मरण पावल्या, म्हणजे शेकडा ३१. या दोन ओळी जशाच्या तशा वाचल्या, तर सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया अधिक जगल्या असे म्हणावे लागते. अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, या आकडेमोडीत कोठेही चूक नाही.

आता याच १,३१४ स्त्रिया वयोगटांनुसार मांडून पाहू. पाहणीच्या वेळी ३५ ते ४४ वर्षांच्या असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी शेकडा १३ मरण पावल्या, तर न करणाऱ्यांपैकी शेकडा ६. पंचेचाळीस ते चौपन्न या गटात हेच प्रमाण २१ आणि १५ आहे, आणि पंचावन्न ते चौसष्ट या गटात ४४ आणि ३३. फक्त २५ ते ३४ या गटात धूम्रपान न करणाऱ्यांचे प्रमाण किंचित अधिक दिसते. पण तेथे दोन्हीकडचे मिळून अवघे आठ मृत्यू आहेत आणि एवढ्याशा संख्येवर कोणताही निष्कर्ष उभा राहत नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्या सगळ्याच स्त्रिया वीस वर्षांत निवर्तल्या होत्या, मग त्या सिगारेट ओढत असोत वा नसोत.

एकत्र तक्ता उलटा का बोलला, याचे उत्तर पासष्टीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये आहे. धूम्रपान करणाऱ्यांत त्या केवळ ४९ होत्या आणि न करणाऱ्यांत १९३. त्या १९३ पैकी १६५ स्त्रिया वीस वर्षांत गेल्या, आणि त्या बहुतांशी वयामुळे गेल्या. धूम्रपान न करणाऱ्यांच्या नावावर लागलेल्या २३० मृत्यूंपैकी १६५ एकट्या या वयातले आहेत. शिवाय सिगारेट ओढणाऱ्या ज्या स्त्रिया १९७२ पूर्वीच दगावल्या, त्या पाहणीत येणे शक्यच नव्हते.

धूम्रपान न करणाऱ्या ७३२ स्त्रियांची वये तीच ठेवून प्रत्येक वयोगटाला धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर लावला, तर २३० ऐवजी सुमारे २५९ मृत्यू येतात, म्हणजे शेकडा ३१ ऐवजी ३५. आपल्याकडेही हाच प्रश्न उभा राहतो. दर हजार लोकसंख्येमागे होणारे मृत्यू मोजले, तर केरळचा आकडा महाराष्ट्राहून मोठा निघतो. तरीही केरळचे सरासरी आयुर्मान महाराष्ट्राहून अधिक आहे, कारण तेथील लोकसंख्येत वृद्धांचा वाटा मोठा आहे.

या उलटापालटीला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी त्याविषयी १९५१ मध्ये लिहिले, जरी उडनी यूल यांनी तो प्रकार १९०३ मध्येच दाखवला होता. सिम्प्सन यांच्या लेखातील एक मुद्दा मात्र पुष्कळदा मागे पडतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: काही वेळा गटवार तक्ता योग्य असतो, काही वेळा एकत्र तक्ता, आणि कोणता केव्हा हे आकड्यांवरून कळत नाही.

विकमच्या स्त्रियांचे वय सिगारेटमुळे ठरलेले नव्हते, म्हणून त्यांना वयानुसार वेगळे करणे रास्त आहे. त्याऐवजी वीस वर्षांच्या अखेरीस त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजून त्यानुसार गट पाडले असते, तर सिगारेटने ज्यांचा श्वास आखूड केला त्या स्त्रियांची तुलना अन्य कारणाने दुबळ्या झालेल्या स्त्रियांशी झाली असती, आणि सिगारेटने केलेली हानी गटांच्या आडोशाला गेली असती. तक्ता तेव्हाही तितकाच काटेकोर दिसला असता.