बुकेचं पुरुमेंत

श्रोतेहो, नमस्कार.

बुके घरी आला की बहुतेक घरांत एकच घडतं. चार दिवस तो टेबलावर शोभतो, पाचव्या दिवशी पाण्याला कुबट वास सुटतो आणि फुलं परसातल्या केळीच्या मुळाशी जातात. लग्नातला बुके असेल, तर नेमकं त्याच वेळी कुणाला तरी वाटतं, हा जपून ठेवायला हवा होता. तोवर उशीर झालेला असतो. फूल ज्या अवस्थेत सुकायला घालाल, त्याच अवस्थेत ते टिकतं. कोमेजलेलं घातलं तर कोमेजलेलंच राहणार. म्हणून समारंभ झाला त्या रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम हातात घ्या.

आपल्या गोव्यात सुकवून साठवण्याचं शास्त्र कुणाला शिकवायला नको. पावसाआधी सोलां म्हणजे आमसुलं, मिरच्या, खारें म्हणजे सुकी मासळी यांचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, घरोघरी होतं. फुलांचंही तसंच, फक्त दोन गोष्टी उलट्या. फुलांना ऊन दाखवायचं नाही, कारण उन्हात रंग उडतो. आणि डब्याचं झाकण सुकल्यावर नव्हे, सुकायला घालतानाच लावायचं.

झाकण कशाला, तर इथल्या हवेमुळे. दांडे वर बांधून फुलं उलटी टांगायची ही सर्वांत सोपी पद्धत, पण ती आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच भरवशाची. तेव्हा दुपारची आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैत ती 85च्या वर असते. तेव्हा टांगलेला गुलाब सुकत नाही, आतून तपकिरी होतो आणि देठाशी बुरशी धरतो. हिवाळ्यात टांगायचंच असेल, तर पाच-सहा दांड्यांची लहान जुडी करा, पानं काढा आणि दोऱ्याऐवजी रबर लावा. सुकताना दांडे बारीक होतात, दोऱ्यातून ते निसटून पडतात. जागा अंधारी आणि वारा खेळता हवी. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत नको, तिथे उजेड फार. दोन ते तीन आठवडे लागतात. बुकेत भरीला घातलेली जिप्सोफिला आणि स्टॅटिस यांना ही पद्धत पुरते.

गुलाब, कार्नेशन, ऑर्किड, शेवंती यांच्यासाठी मात्र सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे मणी, घ्या. पाच-सहा गुलाबांना दीड ते दोन किलो लागतं. मणी 1 ते 2 मिलिमीटरचे घ्या. मोठे मणी पाकळीवर खळगे पाडतात. रंग बदलणारं जेल दोन प्रकारचं मिळतं. निळं ओलावा धरला की गुलाबी होतं, नारिंगी हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी, म्हणून घरात नारिंगीच बरं. कुठलंही असलं तरी ओतताना नाकावर रुमाल बांधा, आणि त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

आता गुलाब हातात घ्या. तो अर्धवट उमललेला हवा. पूर्ण फुललेल्याच्या पाकळ्या सुकल्यावर गळतात. फूलवाल्याने पाणी शिंपडलेलं असतं, ते आधी पंख्याखाली वाळू द्या. दांडा बोटाच्या एका पेराएवढा ठेवून कापा आणि आत्ताच त्यात बारीक तार खुपसा. सुकलेल्या दांड्यात तार घालायला गेलात तर तो मोडतो. हवाबंद डब्यात तळाला दोन सेंटिमीटर जेल पसरा, त्यात फूल तोंड वर करून बसवा. मग जेल थेट फुलावर ओतू नका. आधी कडेने चमच्याने घाला, म्हणजे बाहेरच्या पाकळ्यांना आधार मिळेल; नंतर चिमटी-चिमटीने पाकळ्यांच्या मधे सोडा. घाईने ओतलं की वजनाने पाकळ्या दबतात, आणि दबलेला आकार तसाच कायम होतो. फूल पूर्ण झाकलं की झाकण लावा, वर चिकटपट्टी मारा, तारीख लिहा.

गुलाबाला पाच ते सात दिवस, ऑर्किडलाही साधारण तेवढेच. इथे फसगत होते ती अशी: पाकळ्या कागदासारख्या वाजतात, पण खालचा हिरवा देठ ओलाच असतो. तसंच फूल चौकटीत घातलं तर आठवड्याभरात मान टाकतं. म्हणून बाहेर काढल्यावर ते आणखी दोन दिवस जेलच्या वर, झाकण लावून ठेवा. स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर वजन करून पाहा. लागोपाठ दोन दिवस सारखं भरलं की झालं. उलट, पंधरा-पंधरा दिवस विसरलात तर पाकळ्या हात लावताच तुटतात. चिकटलेले मणी मऊ ब्रशने झटका.

हिरवं झालेलं जेल टाकू नका. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास, मधून मधून हलवत ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. गरम असतानाच डब्यात बंद करा, नाहीतर थंड होईपर्यंत ते पुन्हा हवेतलं पाणी ओढतं.

जेलऐवजी बारीक वाळूही चालते, वेळ मात्र दोन-तीन आठवडे लागतो. पण मिरामारची किंवा कोलव्याची रेती तशीच आणून वापरू नका. तिच्यातलं मीठच ओलावा धरतं. सात-आठ पाण्यांनी, जिभेला खारट लागेनाशी होईपर्यंत धुवा आणि कढईत भाजून कोरडी करा.

रंगाबद्दल आधीच सांगितलेलं बरं. लाल गुलाब काळपट होतो, कारण पाणी गेलं की रंग दाट होतो. पांढरा सायीच्या रंगावर जातो. पिवळी आणि नारिंगी फुलं सर्वांत इमानी. अँथुरियमच्या नादी लागू नका, ते जाड आणि चामट, काळं पडतं. जाई-मोगराही नाही. म्हार्दोळच्या जायांच्या पूजेतली जाई घरी आणून टिकवावीशी वाटली, तरी ती तपकिरीच होणार. अबोलीची पाकळी मात्र पातळ. वर्तमानपत्रात दाबून, वर पाटा ठेवून, पहिले चार दिवस रोज कागद बदलला तर दोन-तीन आठवड्यांत छान सपाट सुकते. कागद न बदलणं हीच तिथली नेहमीची चूक.

राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, फूल ओतून घ्यायचं असेल तर ते ऑक्टोबरनंतर. दमट हवेत वरचा थर चिकट आणि धुरकट राहतो, आणि फुलात थोडं जरी पाणी उरलं तरी आत बुडबुडे येऊन ते काळं पडतं.

साधी काचेची खोल चौकट आपल्याला जास्त पसंत. पाठीमागे जेलची छोटी पुडी ठेवा, कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि ती बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाळ्यात त्या भिंती पाझरतात. पुडी बाजूने दिसेल अशी ठेवा. मणी हिरवे दिसले की पुडी बदला, आणि चौकट उघडायची ती कोरड्या दिवशी, दुपारी.

नमस्कार.