बँकरच्या रकान्यात काय लिहिलंय

(बडोद्यातील मराठी विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बडोद्यात आयपीओवर, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीवर, बोलायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. दांडिया बाजारात चहा पितापिता ग्रे मार्केटचा, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच्या अनधिकृत व्यवहारांचा, भाव कानावर पडतो, आणि घरातल्या प्रत्येक पॅन कार्डावर अर्ज गेलेला असतो, सासूबाईंच्यासुद्धा. म्हणून कॉमर्स फॅकल्टीतली मुलं ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय, कुठली धरू?’ विचारतात, तेव्हा मी म्हणतो, बाबा ज्या कागदावर पैसे लावतात त्याच कागदावर तू नोकरी लाव. फक्त पानं वेगळी उघड.

मुलं आधी लीग टेबल उघडतात, म्हणजे आयपीओ आणणाऱ्या आणि कंपन्यांच्या सौद्यांना सल्ला देणाऱ्या या बँकांची, सौद्यांच्या रकमेनुसार लावलेली क्रमवारी. पहिल्या पाचांत नाव दिसलं की हुरळतात. पण कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाच्या टेबलात एका सौद्याला चार बँका सल्लागार असल्या, तर साधारणपणे चौघींच्याही नावावर सौद्याची पूर्ण रक्कम चढते. शिवाय सौदा जाहीर झाला की आकडा धरतात. झी आणि सोनीचा करार डिसेंबर 2021 मध्ये झाला आणि जानेवारी 2024 मध्ये मोडला. असा मोडलेला सौदा टेबलातून पुढे निघतोही, पण कॅम्पसवर दाखवायच्या स्लाइडवरून तो कोण पुसणार?

त्यापेक्षा डीआरएचपी वाचा, म्हणजे आयपीओआधी कंपनी देते तो माहितीपत्रकाचा मसुदा. सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. शेकडो पानं असतात, सगळी वाचायची नाहीत. ‘जनरल इन्फर्मेशन’ या भागात लीड मॅनेजरांमधल्या, म्हणजे तो इश्यू (शेअरविक्री) बाजारात आणणाऱ्या बँकांमधल्या, कामाच्या वाटणीचा तक्ता असतो. एका बाजूला कामं: ड्यू डिलिजन्स (कंपनीची कसून तपासणी) आणि मसुदा, जाहिराती, देशी-परदेशी गुंतवणूकदारांच्या भेटी, इश्यूनंतरची कामं. दुसऱ्या बाजूला जबाबदारी कुणाची आणि समन्वय कुणाचा. जबाबदारीच्या रकान्यात बहुधा सगळ्यांचीच नावं असतात, ती सोडून द्या. समन्वयाचा रकाना बोलका असतो. एलआयसीच्या 2022 च्या इश्यूला दहा लीड मॅनेजर होते, ह्युंदाईच्या 2024 च्या सुमारे 27,870 कोटींच्या इश्यूला पाच. मुखपृष्ठावर सगळे एका रांगेत, पण मसुद्याचं सुकाणू एकाच्या हातात. तुम्हाला ज्या बँकेत जायचंय तिचे सात-आठ इश्यू काढा आणि बघा. दरवेळी जाहिरातींपुढेच तिचं नाव येत असेल, तर तिथे तुम्ही मूल्यांकन शिकाल की छापखान्याशी फोनवर बोलायला शिकाल, याचा अंदाज येतो.

त्याच कागदात पुढे प्रत्येक बँकरने आधी आणलेल्या इश्यूंचे भाव असतात, 30, 90 आणि 180 दिवसांनंतरचे, सोबत निर्देशांकाची चाल. लिस्टिंगचा, म्हणजे शेअर बाजारात आल्या दिवशीचा, फायदा घेऊन मोकळे होणारे आपण लोक 180 चा रकाना बघतच नाही. नोकरी शोधणाऱ्याने तोच बघावा. भाव पडला म्हणजे बँक वाईट असं नाही, बाजारही पडतो, पण निर्देशांक वर आणि हिचे बहुतेक इश्यू खाली असतील, तर मुलाखतीत विचारायला प्रश्न मिळाला.

संस्कृतीचं काय? ती कागदावर कमी दिसते, पण अगदीच दिसत नाही असं नाही. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कर्मचाऱ्यांपैकी दरवर्षी किती टक्के सोडून गेले, हे तीन वर्षांचं, स्त्री-पुरुष वेगळं, छापलेलं असतं. आकडा अख्ख्या कंपनीचा असतो, तुमच्या टीमचा नाही, एवढं धरून वाचा. कामाचे तास तर जगजाहीर आहेत. 2021 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या 13 नव्या ॲनालिस्टांनी आपसात पाहणी केली. आठवड्याला सरासरी 95 तास काम आणि रोज पाच तास झोप. ते बाहेर आलं आणि गाजलं. 2024 मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांसाठी बहुतेक वेळा 80 तासांची मर्यादा ठेवली. ऐंशी! आणि ही सवलत.

आणखी एक, यावर पालकांनीही कान द्यावेत. ‘ॲनालिस्ट’ हे पद प्रत्यक्ष सौदे करणाऱ्या मुंबईतल्या डील टीममध्येही असतं आणि परदेशी बँकांच्या बंगळुरू-हैदराबादच्या केंद्रांतही. दुसऱ्या ठिकाणी बरंचसं काम लंडन-न्यूयॉर्कच्या टीमसाठी आकडे आणि स्लाइड करून देण्याचं असतं. वाईट नव्हे, काहींना तेच मानवतं, पण ग्राहकासमोर बसायची हौस असेल तर ऑफर लेटरवरचं नाव सोडून टीम आणि शहर विचारा.

शेवटी माणसं. सध्या तिथे असलेला गोडच बोलेल. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेला शोधा. लिंक्डइनवर सापडतात, आणि आपल्यापैकी कुणाचा तरी मामेभाऊ मुंबईत असतोच. त्याला ‘कल्चर कसं आहे’ विचारू नका, ‘ठीक आहे’ म्हणेल. विचारा, तुझ्यासोबत लागलेले आज कुठे आहेत? शेवटचा सौदा फिसकटला तेव्हा व्हीपी, म्हणजे वरचा साहेब, काय म्हणाला? मसुदा पहिला कोण लिहायचं? आणि फोन शनिवारी दुपारी करा. रविवारी संध्याकाळी सोमवारच्या मीटिंगचा डेक (स्लाइडचा संच) चालू असतो, तेव्हा तो उचलणार नाही.