वणीच्या गाडीचा डबा

(दृश्य : सकाळचं सीबीएस, म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक. चहाच्या गाड्यावरची वाफ, कानटोप्या, थांबलेल्या एसट्या.)

जानेवारी महिना, सकाळचे साडेसात. नाशिकच्या सीबीएसवर वणीकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत पाच-सहा पोरंपोरी उभी आहेत. कोणाच्याही खांद्याला बॅग नाही. त्यांना कुठं जायचंच नाही. गाडीतून त्यांचं जेवण येणार आहे.

गाडी लागते. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर डबे मांडलेत. प्रत्येकाला फडक्याची गाठ, झाकणावर मार्करनं लिहिलेलं नाव. इंजिनाच्या उबेनं खालची भाजी कोमट राहते, वरची भाकरी मात्र गार पडते. पावती नाही, सही नाही. पहाटे गावच्या थांब्यावर आईनं ड्रायव्हरकाकांच्या हातात दिलेला डबा पोरीपर्यंत पोचतो आणि रिकामा झाला की संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तिच्यातही एखादा डबा असेल, असं मला उगाच वाटतं.

(मी कॉलेजात असताना एकदा झोपलो आणि माझा डबा तसाच गावाला परत गेला. त्या दिवशी आई काय बोलली ते या निवेदनात घेता येणार नाही.)

निळ्या स्वेटरमधली ही मुलगी दिंडोरी तालुक्यातली, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. नाव सांगू नका म्हणाली, "गावात सगळे बघतील." पहिलं सत्र तिनं याच डब्यावर काढलं. आता दुसरं सत्र सुरू झालंय आणि आजचा डबा शेवटचा. तो बंद करायला तिनंच सांगितलंय.

(दृश्य : द्राक्षबाग. अंधार, बांधावर पेटलेल्या शेकोट्या, धूर.)

कारण इथं आहे. दिंडोरी, निफाडकडे जानेवारीत द्राक्षात गोडी उतरायला लागते, आणि नेमका तेव्हाच पारा घसरतो. फार थंडी पडली की तयार मणी तडकतात. तडकलेला माल व्यापारी घेत नाही. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, धूर धरायचा, ठिबक चालू करून मुळाशी पाणी सोडायचं. परीक्षा संपवून ती आठ दिवस घरी होती, तेव्हा तिनं पाहिलं. तीन वाजता मम्मी-पप्पा बागेत. साडेचारला मम्मी धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी चुलीपुढं, कारण सहाची गाडी चुकायला नको. पोरगी घरात झोपलेली असताना नाशिकच्या डब्याची ही वेळ मम्मीच्या अंगात तशीच भिनलेली. उठायची आणि मग आठवायचं की आज डबा नाही.

"निघताना सांगितलं, थोडे दिवसच पाठव, मग डबा नको. तर दिवसभर बोलली नाही माझ्याशी. संध्याकाळी बिडाचा तवा घासला आणि माझ्या पिशवीत घातला."

(दृश्य : गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली खोली. भिंतीवर वेळापत्रक.)

नाशिकला बाहेरगावची मुलं येऊन राहणं काही नवीन नाही. याच गंगापूर रोडवरच्या उदोजी मराठा बोर्डिंगची सुरुवात 1914 ची. खेड्यातल्या पोराला शाळेइतकीच राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे ते काढणाऱ्या लोकांनी ओळखलं होतं. आज मात्र बहुतेकांची गाठ पडते ती डिपॉझिट, वेगळं लाईटबिल आणि "रात्री नऊनंतर गेट बंद" याच्याशी.

खोलीत तिघी आहेत. एक सुरगाण्याची, एक येवल्याची. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणलाय. त्याला ओळखपत्र चालतं, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, म्हणून भाड्यानं राहणाऱ्यांना तो बरा पडतो. वेळापत्रकाखाली दुसरा कागद चिकटवलाय : भाजी कोण, भांडी कोण, पाणी कोण भरणार. सत्राला 22 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं मोजमाप. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकलच्या एकाला 30. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी पाच वाजतात, आणि त्या दिवशी भाजीच्या रकान्यात तिघींनी एकमतानं लिहिलंय : खिचडी.

पहिली फजिती पिठाची झाली. तिनं घरून बाजरीचं दहा किलो पीठ दळून आणलं, महिनाभराची चिंता मिटली म्हणून. बाजरीत तेल असतं, दळलं की पीठ लवकर कडू पडतं. दुसऱ्या आठवड्यातच भाकरी तोंडात धरवेना. घरी मम्मी आठवड्याचं आठवड्याला का दळते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आता बाजरी आणून ठेवते आणि गल्लीतल्या गिरणीतून दोन-दोन किलो दळून घेते. सुरगाण्याची मैत्रीण हसते. तिची नागली, म्हणजे नाचणी. तिचं पीठ टिकतं.

(दृश्य : परात, हात, तवा. जवळून.)

कढत पाणी घालून पीठ मळलं, गोळा तळहातानं रेटत रेटत थापला. कडेला भेगा. ती बोटं ओली करून लिंपते. भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरच्या अंगाला पाणी फिरवलं. इथून पुढं सगळं नजरेवर असतं. पाणी ओलं असताना उलटली तर तव्याला चिकटते, पार सुकू दिलं तर तडकते. ती वाकून बघत राहते. मोबाईलवर वर्गाच्या ग्रुपचा मेसेज येतो, सबमिशनची तारीख बदललीय. नजर तेवढीच हलली. भाकरी मधोमध तडकली.

"असू दे," येवल्याची म्हणते, "पोटात जाऊन मोडणारच आहे."

(दृश्य : संध्याकाळ. पुन्हा सीबीएस.)

शेवटचा डबा धुऊन परत न्यायचाय. पण भांडं रिकामं पाठवायचं नाही, हे घरातलंच वळण. तिनं तळाच्या पुडात आपल्या दोन भाकऱ्या ठेवल्या, त्यातली एक तीच, तडकलेली. गाठ मारली आणि डबा ड्रायव्हरकाकांकडे दिला. गाडी दिंडोरी नाक्याकडे गेली.

साडेनऊला फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"मिळाला का गं मम्मी?"

"मिळाला. पप्पांनी खाल्ली एक." मग थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. "पाणी सुकलं होतं ना उलटताना? कुठं बघत होतीस?"