क्वार्टरबॅकच्या पुढचे पाच जण

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकन फुटबॉलविषयी. तोच तो, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. त्याचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आपल्याकडे उजाडतो सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला. तो पाहायला गजर लावून उठणारे इथे थोडेच, पण आहेत. मी त्यांतला एक.

सामना पाहताना आपली नजर क्वार्टरबॅकवर असते. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात: मधे सेंटर, दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. काम एकच, समोरून चाल करून येणाऱ्यांना थोपवून क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायची. तेवढ्यात त्याचा पास गेला तर ठीक, नाहीतर त्याला चेंडूसकट लोळवतात. त्याला म्हणतात सॅक. या पाचांची नावं समालोचनात येतात ती बहुधा चूक झाल्यावरच.

तर प्रश्न असा, की ही फळी कच्ची असताना विजेतेपद मिळतं का?

सिनसिनाटी बेंगल्सचं उदाहरण घेऊ. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो. 2020 साली, पहिल्याच मोसमात, त्याचा गुडघा मोडला. पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायची वेळ आली आणि सिनसिनाटीचा क्रमांक होता पाचवा. समोर दोन नावं: पेने स्युएल हा तगडा टॅकल आणि जमार चेस हा बरोचा कॉलेजातला जोडीदार, पास झेलणारा. चाहत्यांमध्ये जुंपली. पोराचा गुडघा नुकताच शिवलाय, आधी त्याच्यापुढे भिंत बांधा, असं अर्ध्यांचं म्हणणं. संघाने चेसला घेतलं.

आणि निर्णय फसला असंही म्हणता येईना! चेसने त्या मोसमात 1455 यार्ड कमावले. बरो मात्र नियमित मोसमात 51 वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वांत जास्त. जानेवारी 2022 मध्ये टेनेसीविरुद्ध तर एकाच सामन्यात नऊ वेळा. तरी तो सामना सिनसिनाटीने 19-16 असा जिंकला, शेवटच्या क्षणी 52 यार्डांवरून मारलेल्या किकवर. मार खाऊन उठायचं आणि पुन्हा पास टाकायचा, याला जिगरच लागते.

मग सुपर बोल. समोर लॉस एंजेलिस रॅम्स, आणि त्यांच्या बचावात क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा आरन डोनाल्ड. सात सॅक. तरीही शेवटच्या मिनिटाला सिनसिनाटी तीनच गुणांनी मागे, 23-20, आणि चेंडू बरोच्या हातात. चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न, आणि हवा होता एक यार्ड. तिकडे दूर चेस मोकळा सुटला होता, त्याच्यावरचा जेलन रॅम्झी घसरून पडला होता. ते बघायला बरोला वेळच मिळाला नाही. डोनाल्डने त्याला धरून गरकन फिरवलं, पडता पडता त्याने चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो जमिनीवर गेला. मला तर त्या एका चालीतच सगळं उत्तर दिसतं. स्युएल असता तर काय झालं असतं, यावर सिनसिनाटीत अजून वाद रंगत असतील.

पण कच्च्या फळीनिशी जिंकलेलेही आहेत. 2013 च्या मोसमात सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन 44 वेळा सॅक झाला, तरी त्यांनी सुपर बोलमध्ये डेन्व्हरला 43-8 असं धुतलं. दोन वर्षांनी तेच डेन्व्हर विजेतं ठरलं. त्यांचा चाळिशीला टेकलेला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग त्या अंतिम सामन्यात पाच वेळा सॅक झाला आणि अख्ख्या संघाची कमाई फक्त 194 यार्ड. तारलं कोणी? बचावातल्या वॉन मिलरने. त्याने समोरचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातून दोनदा चेंडू उडवला आणि दोन्हींमधून टचडाउन निघाले. म्हणजे सिएटल आणि डेन्व्हर या दोन्ही संघांची भिंत गळकी असली तरी मागे अव्वल डिफेन्स होता. सिनसिनाटीने सगळा भार बरोच्या हातावर टाकला. तो प्ले-ऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचे, तीन सामने पुरला, चौथ्याला कमी पडला.

कॅन्सस सिटीचं गणित तर आणखी सरळ. 2021 च्या सुपर बोलमध्ये दोन्ही टॅकल जायबंदी. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स जीव घेऊन पळत होता. एकदा तर जमिनीला समांतर, हवेत आडवा असताना त्याने पास टाकला आणि तो थेट सहकाऱ्याच्या हेल्मेटवर आदळला. झेल मात्र झाला नाही. टँपा बे 31, कॅन्सस सिटी 9. त्यानंतर संघाने जवळपास अख्खी फळी बदलली. 2023 च्या सुपर बोलमध्ये समोर नियमित मोसमात 70 सॅक करणारा फिलाडेल्फिया. महोम्स एकदाही सॅक झाला नाही आणि सामना 38-35 असा जिंकला.

दोन वर्षांनी पुन्हा तोच फिलाडेल्फिया. आता डाव्या टॅकलला धड माणूस मिळेना, म्हणून जो थुनी या गार्डला तिथे सरकवलेलं. सहा सॅक. तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा फलक दाखवत होता फिलाडेल्फिया 34, कॅन्सस सिटी 0. मी टीव्ही बंद केला आणि दूध आणायला गेलो.