नळाचे पाणी आणि टेकडीची वाट

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी टेकडीवरच्या पायवाटांनी धावण्याविषयी बोलणार आहे. ज्या मातांची सकाळ डबे, शाळेची रिक्षा, स्वतःची नोकरी आणि घरातील वडीलधाऱ्यांची औषधे यांतच संपून जाते, त्यांच्यासाठी हे बोलणे विशेष करून आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या डोंगररांगेत सहाव्या-सातव्या शतकांतील औरंगाबाद लेणी कोरलेली आहेत, तिच्या परिसरातच गोगाबाबा टेकडी आहे. आम्ही काही मैत्रिणी तेथे पहाटे धावतो. डांबरी रस्त्यावर पाऊल एकसारखे पडत राहते आणि मन लगेच घरी परतते. कणीक भिजवली का, गणवेशाला इस्त्री झाली का, याचा हिशेब चालू राहतो. टेकडीवर तसे होत नाही. मुरमावरून पाय घसरतो, गोटा हलतो, मध्येच बोरीची फांदी आडवी येते, आणि पुढचे पाउल कोठे टाकायचे एवढाच विचार डोक्यात उरतो. तो अर्धा तास माझा मला मिळतो आणि त्या अर्ध्या तासाचा आनंद मला दुपारपर्यंत पुरतो.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी दोनच गोष्टी सांगते. पहिली, उभ्या चढावर चालावे. पुन्हा सांगते, उभ्या चढावर खुशाल चालावे. डोंगरातील शर्यतींत निष्णात धावपटूही तेच करतात. दुसरी, उतारावर पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि टाचा रोवून थांबण्याचा प्रयत्न करू नये. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात. त्याची भीती बाळगू नये.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, रौप्यपदक जिंकले, आणि मराठवाड्यातील घराघरांत मुलांना त्यांचे उदाहरण दिले गेले. ते मुलींनाही तितक्याच आग्रहाने द्यायला हवे. सातवी-आठवीनंतर मुलीच्या धावण्याला उघडपणे कोणी बंदी घालत नाही, परंतु तिला धावण्याचे बूट घेऊन द्यावेत, हेही कोणाला सुचत नाही. पुढे तीच मुलगी आई होते आणि धावणे आपल्यासाठी नाहीच, असे धरून चालते.

आता जो प्रसंग सांगण्यासाठी मी येथे आले आहे, तो सांगते.

आपल्या शहराला जायकवाडी धरणातून पाणी येते, पण ते नळाला रोज येत नाही. पाण्याच्या पाळीचा दिवस ठाऊक असतो, वेळ मात्र नक्की नसते, आणि त्या दिवशी घरातील बाई नळापासून हलू शकत नाही, हे आपणांस वेगळे सांगायला नको. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही खुलताबादहून म्हैसमाळच्या डोंगरापर्यंत धावत जाण्याचे ठरवले होते. सर्वांच्या सुट्या, मुलांच्या परीक्षा आणि घरचे सणवार जुळवता जुळवता तो रविवार मिळाला होता. आमच्यातील एक परिचारिका आहे. तिचे यजमान लातूरला नोकरीस असतात. घरी सासूबाई आणि दोन मुले. अंधारातच आम्ही तिच्या फाटकाशी गाडी थांबवली, तेव्हा ती बाहेर आली ती ओल्या हातांनी.

“पाणी आत्ता आलंय गं, आणि मोटार रात्रीच जळाली. तुम्ही जा, माझं नाही जमायचं.”

आम्ही एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, “कामून थांबल्या गं पोरींनो बाहेर? आत या की.”

आम्ही आत गेलो आणि कोणी कोणाला न विचारता कामाला लागलो. नळाची धार करंगळीएवढी होती. सुरुवातीचे गढूळ पाणी अंगणातल्या जास्वंदीसाठी बाजूला काढले. बँकेत काम करणारी आमची मैत्रीण एरवी फार बोलत नाही. ती नळाशी बसली आणि एका पिंपातून दुसऱ्यात पाइप अशी हलवू लागली की थेंबही खाली सांडेना. बाकीच्या आम्ही नळापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत रांगेने उभ्या राहिलो, आणि बादल्या हातोहात वर जाऊ लागल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या होत्या. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून स्वतः गाळून त्या माठ भरत होत्या आणि मध्येच उठून धपाटे थापत होत्या. टाकी भरली तेव्हा चांगले उजाडले होते. म्हैसमाळ त्या दिवशी शक्य नव्हते.

“आता जा,” सासूबाई सुनेला म्हणाल्या, “लेकरांचं मी बघते.” आणि धपाट्यांचा डबा तिच्या हाती दिला.

आम्ही गोगाबाबावर गेलो. ऊन वर आले होते आणि वाळू लागलेल्या गवताची कुसळे मोज्यांत भरली होती. कुसळ मागे ओढले की मोडते, कारण त्याच्या टोकाजवळची लव उलट्या दिशेची असते. ते मोज्याच्या आतल्या बाजूने, टोकाला धरून पुढेच ओढून काढावे लागते. त्या कामाला सवड लागते. एका कातळावर मोजे काढून आम्ही कुसळे वेचत बसलो, धपाटे खाल्ले, आणि तेव्हा ती बोलू लागली. आपल्यामागे सासूबाईंवर घर पडते, या विचाराने तिने धावणे सोडण्याचे मनोमन ठरवले होते आणि आम्हांला कसे सांगावे हे तिला कळत नव्हते. तेथेच ठरले की, ज्या रविवारी जिच्याकडे पाण्याची पाळी असेल तिच्याकडे सर्वांनी आधी जायचे. पाणी भरून झाले की धावायचे.

त्या दिवसापासून हा नियम आम्ही पाळत आलो आहोत. सासूबाई आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्हा सर्वांच्या घरच्या पाण्याच्या पाळ्या पेन्सिलीने लिहून ठेवतात आणि आदल्या रात्री फोन करून आठवण देतात. आईला धावायला वेळ कोठून मिळतो, असे मला पुष्कळजणी विचारतात. एकटीला तो मिळत नाही. मैत्रिणी मिळून तो काढावा लागतो. हे मी पुन्हा सांगते, कारण नव्या बुटांपेक्षाही याची गरज अधिक आहे.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी पावसाळा सरताना करावा. काळ्या मातीची वाट ओली असेल तर माती तळव्याला चिकटून पाय जड होतात, म्हणून मुरमाड टेकडी निवडावी. मार्चपासून मात्र ऊन तापण्याच्या आत खाली उतरावे. आणि एकटीने जाऊ नये.

आमचे म्हैसमाळ अजून राहिले आहे. हिवाळ्यात रात्रपाळ्या जुळल्या नाहीत, पुढे एकीच्या मुलीची दहावी आली. आता मृगाचे पाऊस होऊन गेले की जायचे ठरले आहे. तेथील गिरिजामातेच्या दर्शनासाठी सासूबाई गाडीने वर येणार आहेत, आणि तो रविवार कोणाच्याही पाण्याच्या पाळीचा नाही, हे त्यांनी कॅलेंडरवर आधीच पाहून ठेवले आहे. नमस्कार.