पाळीचं दुखणं आणि अ‍ॅडिनोमायोसिसचं निदान

श्रोतेहो, नमस्कार. गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीतून बाहेर पडतं. हेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरून तिथे वाढू लागलं, तर त्या आजाराला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. संप्रेरकांच्या प्रभावाने ते तिथेही सुजतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. भोवतालचा स्नायू जाड होतो, नीट आकुंचन पावत नाही. म्हणून अंगावरून जास्त जातं आणि कळाही येतात.

अस्तर आत का शिरतं, याचं एकच ठाम उत्तर नाही. अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेवरची इजा, हे एक कारण मानलं जातं. बाळंतपणं, सिझेरियन, क्युरेटिंग (गर्भाशयाचं अस्तर खरवडून काढणं) झालेल्या स्त्रियांत हा आजार जास्त आढळतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्याला खतपाणी घालतं. पण मूल न झालेल्या तरुण मुलींनाही तो होतो. तेव्हा "लग्न झालं की थांबेल" असं सांगून कृपा करून कोणाला घरी पाठवू नका.

पूर्वी गर्भाशय काढून तपासल्यावरच खात्री व्हायची. आता योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बरंच कळतं. ही तपासणी लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून करतात. पुढची आणि मागची भिंत असमान जाड, स्नायूत बारीक पाण्याच्या पिशव्या, पंख्यासारख्या पसरलेल्या सावल्या, ही त्याची चिन्हं. फायब्रॉइडशी, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या साध्या गाठीशी, गल्लत इथेच होते. फायब्रॉइडची कड स्पष्ट असते आणि रक्तवाहिन्या तिच्या भोवतीने फिरतात. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये कड धूसर असते, रक्तवाहिन्या त्यातूनच आरपार जातात. हा फरक महत्त्वाचा, कारण फायब्रॉइडची गाठ सोलून काढता येते, अ‍ॅडिनोमायोसिसचा भाग तसा सुटा होत नाही. शंका उरली तर एमआरआय करतात. त्यात अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेचा पट्टा १२ मिलिमीटर किंवा जास्त जाड दिसला, तर निदानाला बळ मिळतं. पाळी चालू असताना मात्र हे माप फसवं येऊ शकतं.

क्युरेटिंगचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही, असं समजू नका. त्यात फक्त वरचं अस्तर येतं, स्नायू येत नाही. ती तपासणी कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी असते.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद न्या: किती दिवस गेलं, पॅड किती वेळाने बदलावं लागलं, रक्ताच्या गाठी पडल्या का, दुखणं कधी सुरू झालं. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर हिमोग्लोबिन लगेच तपासून घ्या.